पंचेचाळीसला पास, सत्तेचाळीसला डिस्टिंक्शन

आमच्याकडे परीक्षेला ऋतूचं नाव असतं. बाकीकडची पोरं पहिलं सत्र, दुसरं सत्र देतात. आम्ही विदर्भातली पोरं ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ देतो. हॉलतिकिटावर तसं छापून येतं : उन्हाळी २०२५. पावसाळी परीक्षा मात्र नाही. तिची गरजच पडत नाही. उन्हाळी परीक्षा लांबत लांबत स्वतःच्या पायांनी पावसाळ्यात जाऊन पोचते.

मी नागपुरात बी.एस्सी. करतो. विषय भौतिकशास्त्र, सत्र चौथं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अजून पुढचं शिक्षण तिथंच काढायचं आहे.

नागपूरच्या उन्हापासून लांब राहण्याची परंपरा फार थोर आहे. इंग्रजांच्या काळात उन्हाळा लागला की मध्य प्रांताचं सरकार पचमढीला जायचं. साहेब, मडमा, फायली आणि फायली उचलणारे, सगळे डोंगरावर. इंग्रज गेले, पण एवढं शहाणपण मागं ठेवून गेले. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की राज्य सरकारनं दरवर्षी काही काळ नागपुरात येऊन बसायचं. त्यासाठी महिना निवडला गेला तो डिसेंबर. तेव्हा संत्री असतात, हुरडा असतो, जॅकेटं घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा देता येतात. मेअखेरचा, भाजून काढणारा नवतपा चालू असताना त्याच पायऱ्यांवर बसून कुणी सभात्याग करून दाखवावा, माझं मत त्यालाच.

कोर्टालाही मे महिन्यात सुट्टी असते. सर्वोच्च न्यायालयानं तर २०२४ मध्ये उन्हाळी सुट्टीचं नाव बदलून ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ असं केलं. हे नाव आमच्या कॉलेजला बाराही महिने शोभेल. शाळांचं म्हणाल, तर बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते आणि विदर्भात त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कारण लेकरांना ऊन लागतं. बारावी पास झाल्यावर ऊन लागायचं बंद होतं, असं शासनाचं मत असावं.

हवामान खात्याकडेही एक परीक्षा असते आणि तिचे नियम आमच्या विद्यापीठापेक्षा कडक आहेत. मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचला आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त भरला, तरच त्याला ‘उष्णतेची लाट’ म्हणायचं. आता आमची मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ अंशांत भाजून निघालेलं नागपूर नापास! ज्यांना साडेचारची अट झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे. सरळ ४५ गाठा, लाट मिळेल. ४७ गाठा, ‘तीव्र लाट’ मिळेल. पंचेचाळीसला पास, सत्तेचाळीसला डिस्टिंक्शन. आमच्या शहराचा आजवरचा सगळ्यात चांगला निकाल ४७.९ अंश, तारीख २३ मे २०१३. अठ्ठेचाळीस एका दशांशानं हुकले. ग्रेस द्यायला कुणी नव्हतं.

३० मे २०२४ ला मात्र कमाल झाली. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. तासाभरात आम्ही देशात पहिले आलो. नात्यातल्या ज्या लोकांनी बारावीच्या निकालालाही फोन केला नव्हता, त्यांचे फोन आले. मग खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता, हा आकडा धरू नका. रिव्हॅल्युएशनमध्ये मार्क कमी झालेलं शहर मी पहिल्यांदाच पाहिलं. पण दुःख ओळखीचं होतं. आमचेही कमीच होतात, वर फी परत मिळत नाही.

आता कॉलेज. इमारत तीन मजली आहे, पण तिचा खरा नकाशा मजल्यांवर नाही, गारव्यावर आखला आहे. आमच्याकडे गारवा पदानुसार मिळतो.

सगळ्यात वर प्राचार्यांची केबिन. तिथं एसी आहे. सर केबिनमध्ये नसले तरी तो चालू असतो, कारण सर कधीही येऊ शकतात. एप्रिलपासून आमच्या कॉलेजात प्राचार्यांना भेटायची ओढ एकदम वाढते. कुणीही दार उघडतं, मान आत घालतं, “सर आहेत का?” असं विचारतं आणि उत्तराची घाई करत नाही. शिपाईकाकांना हे पाठ झालंय. स्टुलावरून न उठता ते म्हणतात, “सर नाई आहेत. दार लाव बे, हवा जाते.”

दुसरा एसी कॉम्प्युटर लॅबमध्ये. तो माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे. मशीनला गरमी सोसत नाही म्हणतात. ती बंद पडली तर कोटेशन मागवा, कमिटी बसवा, किती लफडी. पोरगं चक्कर येऊन पडलं तर ग्लुकोजच्या एका पुड्यात काम भागतं. त्यामुळे ज्यांच्याकडे कॉम्प्युटर हा विषयच नाही, अशी पोरंसुद्धा मे महिन्यात संगणक साक्षर होतात. मराठी वाङ्मयवाला माझा एक दोस्त तिथं पंधरा दिवस बसला आणि बंद पडद्यासमोर विचार करतोय असं दाखवण्यात पटाईत झाला. पुढं आयटीत नोकरी लागली तर हेच कामी येणार, असं त्याचं म्हणणं.

त्याखालोखाल ऑफिस. तिथं कूलर आहे आणि त्याचं तोंड बाबूंकडे आहे. आमच्याकडे त्याची पाठ. कूलरच्या पाठीवरचं गवत आम्हाला खिडकीतून दिसतं, ओलं, हिरवट, वाळ्याच्या वासाचं. बोनाफाईडची रांग या खिडकीसमोर लागते. सकाळी अकराला खिडकीबाहेर चार हात सावली असते, तेव्हा रांग गप्पा मारत दुहेरी-तिहेरी उभी असते. बारा वाजेपर्यंत सावली भिंतीला चिकटते आणि रांगही पाली चिकटाव्यात तशी भिंतीला चिकटते. सव्वाबाराला भिंतीची सावली भिंतीतच जाते. नंतर जो उरतो, त्यालाच खरी बोनाफाईडची गरज आहे असं मानायला हरकत नाही.

खिडकीतून फॉर्म आत देताना कोपरापर्यंत हाताला गार हवा लागते. तेवढ्यापुरता तो हात आपला राहत नाही. परवा माझा नंबर लागला, बाबूंनी फॉर्म घेतला, शिक्का मारला, परत दिला, तरी हात आतच होता.

“हात काढ.”

“सर, जरा बघा ना, जन्मतारीख बरोबर आहे का.”

“बरोबर आहे. हात काढ.”

“आणि आईचं नाव?”

नवीन शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं वर्गातलं शिक्षण. प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. मी या उन्हाळ्यात त्या खिडकीसमोर काढलेले तास मांडून पाहिले. प्रात्यक्षिकाच्या दरानं धरले तरी एक क्रेडिट होतं, वर दोन-तीन तास शिल्लक. ते माझ्या खात्यात जमा करा म्हणून अर्ज द्यायचा विचार आहे, पण त्या अर्जाला बोनाफाईड जोडावं लागतं.

लायब्ररीत सबंध हॉलला मिळून एक कूलर. त्याच्यासमोरची अर्धवर्तुळात मांडलेली आठ खुर्च्यांची रांग म्हणजे आमचा सिनेट. तिथं तिसऱ्या वर्षाचीच पोरं बसतात. दुसऱ्या वर्षाचे त्यांच्यामागं, जिथं वारा पोचतो पण थंडी पोचत नाही. पहिल्या वर्षाची पोरं थेट तत्त्वज्ञानाच्या कपाटापाशी, जिथं काहीच पोचत नाही.

आणि सगळ्यात खाली वर्ग. वर्गात पंखे आहेत. छताजवळ जमलेली गरम हवा ते इमानदारीनं खाली आणून देतात. ऊष्मागतिकीचे नियम एकूण चार, शून्याव्यापासून तिसऱ्यापर्यंत. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर पाचवा मी मांडला आहे : गारवा आपणहून खुर्चीकडून बाकाकडे वाहत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

तसा अर्ज आम्ही फेब्रुवारीत केलाही होता. परीक्षेच्या हॉलसाठी चार कूलर द्या म्हणून साठ जणांच्या सह्या. अर्ज मंजूर झाल्याचं मार्चमध्ये कळलं. एप्रिलमध्ये कोटेशनं आली. मे महिन्यात तीन कोटेशनांपैकी एकावर तारीख नसल्याचं लक्षात आलं.

हॉस्टेल मे महिन्यात बंद असतं, दुरुस्तीसाठी. काय दुरुस्त होतं ते जुलैत गेल्यावर कळत नाही. तोवर आम्ही शहरात रूम करून राहतो. आमची रूम सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे स्लॅब आणि सूर्य यांच्यात तिसरं कुणी नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चहापत्ती टाकण्याच्या लायकीचं होतं, म्हणून आंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादल्यांत भरून गार करत ठेवावं लागतं. लोक थंडीत पाणी तापवतात, आम्ही उन्हाळ्यात निववतो.

रूमवर एक कूलर आहे, मी आणि माझा पार्टनर मिळून भाड्यानं घेतलेला. पार्टनर यवतमाळकडचा. आमची मैत्री जुनी, पण कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं या प्रश्नावर ती रोज रात्री दोन वाजता तुटते. कूलर कोरडा पडला की त्याचा आवाज बदलतो, भांड्यात खडे हलवल्यासारखा. दोघांनाही जाग येते. दोघंही झोपेचं सोंग घेतो. अर्ध्या तासानं सोंगातून आवाज येतो, “काऊन बे, पाणी टाकून रायला का नाई?” नवीन धोरणातल्या ‘सामुदायिक सहभाग’ या विषयाचं मूल्यमापन खरं तर या वेळी करायला पाहिजे.

अभ्यासाला जागा म्हणून आम्ही मेट्रो शोधून काढली. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा लोक विचारायचे, हिच्यात बसणार कोण? त्यांनी मे महिन्यात दुपारी एक वाजता येऊन पाहावं. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एक प्रकरण होतं, सीताबर्डीला गाडी बदलून प्रजापतीनगरपर्यंत दुसरं. एंट्रॉपी मला सीताबर्डी इंटरचेंजवर समजली. इकडून तिकडे जाणारी गर्दी बघितली की पुस्तक लागत नाही. अख्ख्या शहरात, ज्याला कुठंच जायचं नाही त्यालाही गार वाऱ्यात बसू देणारी ही एकच संस्था, आणि तिकीट काढलं की ती पद विचारत नाही.

पद न विचारणारी दुसरी जागा म्हणजे कॉलेजच्या गेटबाहेरचा कडुनिंब. त्याच्याखाली सकाळी तर्री पोह्याची गाडी, दुपारी रसवंती. पोह्यावर तर्री ओतून घेताना घाम फुटतो तो वेगळा, तो आपल्या मर्जीचा. निंबाखाली प्राध्यापक, बाबू, शिपाईकाका, आम्ही आणि एक कुत्रं, सगळे एकाच सावलीत उभे असतो. आमच्या सगळ्या शंका तिथंच फिटतात. सर वर्गात जे सांगत नाहीत ते रसाच्या दुसऱ्या ग्लासावर सांगतात. कॉलेजची पाहणी करायला समिती येते, तिला हे झाड कधी दाखवत नाहीत. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागला त्या दिवशी, बोर्डावर सूचना लागली. मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आहे :

‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, वाढत्या तापमानाच्या पार्श्वभूमीवर दुपारी १२ ते ४ या वेळेत अत्यावश्यक कामाशिवाय घराबाहेर पडणे टाळावे. भरपूर पाणी प्यावे. सैल, सुती कपडे वापरावेत. तसेच भौतिकशास्त्र, सत्र ४, उन्हाळी २०२५ चा पहिला पेपर दुपारी २.३० ते ५.३० या वेळेत होईल. विद्यार्थ्यांनी २ वाजता गणवेशात हजर राहावे. पाण्याची बाटली बाहेर ठेवावी.’

मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “खिशात कांदा ठेव.”

आमच्याकडे उन्हाला हेच उत्तर आहे. खिशात कांदा असला की लू लागत नाही. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही, मुलगा म्हणून पटतं. आईनं गावाहून आलेल्या माणसाबरोबर अर्धा किलो पाठवलेच होते. पेपरच्या दिवशी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पॅन्टच्या दोन्ही खिशांत एकेक कांदा टाकला आणि निघालो.

हॉलमध्ये पंखा डोक्यावरच होता. रेग्युलेटरचं बटण गेलेलं, त्यामुळे पंख्याला दोनच अवस्था ठाऊक : बंद आणि वादळ. चालू केला की उत्तरपत्रिका उडते, बंद केला की विद्यार्थी. हॉलनं मतदान करून वादळ निवडलं. पहिल्या दहा मिनिटांत तीन प्रश्नपत्रिका मैदानाच्या बाजूला गेल्या. शेजाऱ्याची पुरवणी माझ्या बाकावर येऊन बसली, आणि ती परत देणं ही कॉपी की सौजन्य, यावर सुपरवायझर मॅडमना विचार करावा लागला. मी खिशातून कांदा काढला आणि उत्तरपत्रिकेवर ठेवला. कागद जागच्या जागी! कांद्याचा वैज्ञानिक उपयोग मला त्या दिवशी सापडला.

साडेतीनला भरारी पथक आलं. तिघं जण, लालबुंद, घामानं शर्ट पाठीला चिकटलेले. त्यातले चष्मेवाले सर सरळ माझ्यासमोर थांबले.

“हे काय?”

“कांदा, सर.”

“कशासाठी?”

“उन्हासाठी आणला होता, सर. सध्या कागदासाठी आहे.”

त्यांनी कांदा उचलला. उलटापालटा केला, सालीवर काही लिहिलंय का ते उजेडात धरून पाहिलं. पोरं काय काय करतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मग त्यांनी एक पापुद्रा काढला. आत पापुद्रा. तो काढला, आत आणखी एक. हॉलमध्ये सगळ्यांचं लिहिणं थांबलं. चौथ्या पापुद्र्याला सरांचे डोळे भरून आले. मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. पथकातल्या तिसऱ्या सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्या परीक्षापद्धतीबद्दल इतक्या वरच्या पातळीवर कुणी अश्रू ढाळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी आतला कोंब तेवढा उरला. सरांनी नाक पुसलं, वहीत नोंद केली, ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ निघता निघता ते थोडे वाकले आणि हळूच म्हणाले, “अजून तीन सेंटर आहेत आम्हाला. दुसरा आहे का?”

मी उजव्या खिशातला काढून दिला. त्यांनी तो खिशात टाकला आणि पथक उन्हात गेलं. गारवा पदानुसार मिळतो, पण जे ऊन मिळतं ते थेट पथकापर्यंत सारखंच मिळतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

त्यानंतरचे पेपर पुढं गेले. एकदा भरतीची परीक्षा त्याच तारखेला आली, एकदा प्रश्नपत्रिका भलत्याच विषयाच्या आल्या, एकदा कारण सांगितलंच नाही. प्रत्येक वेळी नवीन वेळापत्रक आलं आणि त्याच्या माथ्यावर न चुकता ‘उन्हाळी २०२५’ असं होतं. बाहेर दुकानांत छत्र्या लटकल्या, रसवंतीच्या जागी भुट्टेवाला आला, निंबाखाली चिखल झाला. आम्ही उन्हाळीच देत होतो.

शेवटचा पेपर जुलैत झाला. पाऊस सकाळपासून लागलेला. हॉलच्या दारात पाहतो तर गर्दी, हार, उदबत्तीचा वास. चार कूलर आले होते! नवेकोरे, कुंकवाची बोटं लावलेले. प्राचार्यांनी नारळ फोडला, फीत कापली, फोटो झाला. विद्यार्थ्यांची फेब्रुवारीपासूनची मागणी पूर्ण करताना संस्थेला आनंद होतो आहे, असं सर म्हणाले, आणि कूलर चालू झाले.

कूलरचं शास्त्र साधं आहे. कोरडी हवा ओल्या गवतातून जाताना पाणी पिते, पाण्याची वाफ होते, त्यात हवेची उष्णता खर्च होते आणि वारा गार लागतो. पण जुलैतल्या हवेचं पोट आधीच भरलेलं असतं. ती पाणी पीत नाही. मग कूलर फक्त ओल उडवतो. चार कूलरांनी तीन तास आमच्यावर मनापासून ओल उडवली. शाई पसरली, पुरवण्या एकमेकींना चिकटल्या, कॉलर मानेला लागली. माझ्यापुढं प्रश्न होता : ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सोदाहरण स्पष्ट करा. उदाहरणासाठी मला फार लांब जावं लागलं नाही.

कागदावर ठेवायला त्या दिवशी कांदा नव्हता. त्याची गरजही नव्हती, भिजलेले कागद उडत नाहीत.

रूमवर आलो तर पार्टनर खिडकीपाशी उभा. अर्धा किलोतला शेवटचा एक कांदा महिनाभर तिथंच पडून होता, कुणाच्या लक्षात नव्हता. पावसाची हवा लागून त्याला कोंब फुटला होता, बोटभर, हिरवागार. आईला सांगितलं तर म्हणाली, आता तो खिशाच्या कामाचा नाही, कुठंतरी लावून टाक. आम्ही तो गळक्या बादलीत माती घालून लावला. कूलर परत करून टाकला होता, त्यामुळे पाणी कोणी घालायचं यावरचं भांडण तेवढं बादलीकडे आलं.

उन्हाळीचा निकाल, नेहमीप्रमाणे, सरकार संत्री खायला नागपुरात येईल त्या सुमारास लागेल. कांद्याची पात त्याच्या कितीतरी आधी येईल. आमच्या रूममधून निकालाची वाट न पाहता पुढच्या सत्रात गेलेला तो पहिलाच.